थांब्याचं तिकीट

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी मला फोनवर विचारलंत, "आजी, मुंबईहून सरळ आमच्याकडे येणारं विमान आहे, मग तू मध्ये अख्खा दिवस थांबायला लावणारं तिकीट का काढलंस?" तुमच्या बाबांना वाटलं की मी चुकून काढलं. मी चुकून तिकीट काढणाऱ्यांपैकी नाही, हे तुमच्या आईला विचारा. पण तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही, कारण ते उत्तर माझं नाही. ते आमच्या भिंगारच्या घरमालकीणबाईंचं आहे, आणि त्या फोनवरच्या बोलण्यात मावणाऱ्या नव्हेत. म्हणून हे लिहिते आहे. मोठीने धाकट्याला वाचून दाखवावं. अडलं तर आई आहेच.

मी नगरच्या कॅम्पातल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा तुमचे आजोबा आणि मी भिंगारमध्ये दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मालकीणबाईंना सगळी गल्ली काकू म्हणायची, म्हणून आम्हीही काकू म्हणू लागलो. उंच, हाडकुळ्या, ढांगा टाकत चालणाऱ्या. तोंडात कायम एक लवंग. बोलायला लागल्या की आधी लवंगेचा वास यायचा आणि मग शब्द. पाथर्डीकडच्या कोरड्या गावातून लग्न होऊन आलेल्या, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत त्यांचा एक वेगळाच कायदा होता. तांदूळ धुतलेलं पाणी भाजी धुवायला, भाजीचं पाणी पाय धुवायला आणि पाय धुवायचे तेही दारातल्या कढीपत्त्याच्या आळ्यात उभं राहून. मी एकदा नळ सुरू ठेवून वेणी घालत होते, तर त्या येऊन नळाशी उभ्या राहिल्या आणि माझ्याशी नाही, नळाशी बोलल्या, "तुला काय कळतं रं? तुला सोडलं की तू सुटला." मी तेव्हापासून नळ बंद करूनच वेणी घालते.

त्यांचा पदर गाठींनी भरलेला असायचा. काही लक्षात ठेवायचं असलं की एक गाठ. संध्याकाळी ओट्यावर बसून त्या गाठी सोडायच्या आणि कोणती गाठ कशाची ते आठवायचं नाही, तेव्हा गाठीलाच विचारायच्या, "तू कोन गं?" न आठवलेल्या गाठी त्या तशाच ठेवायच्या. म्हणायच्या, "राहू द्या. आठवंल तिला तवा सांगंल ती."

काका, म्हणजे त्यांचे यजमान, लष्कराच्या भांडारात कारकून होते. फार कमी बोलायचे. घरात सासूबाई, दोन दीर आणि एक लहान मुलगी. काकूंना मी त्या घरात कधी खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही. बसल्या तर उंबऱ्यावर, आणि तेही असं, की हाक आली तर एका पावलात आत जाता यावं.

दिवाळीनंतर, भाऊबीज उलटली की, गल्लीतल्या बायका माहेरी जायच्या. आमच्या पहिल्या दिवाळीला मी पाहिलं, काकूही निघाल्या. हिरवं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत डबा. काकांच्या सायकलच्या कॅरिअरवर एका अंगाला बसल्या आणि मला म्हणाल्या, "येते बाई. माहेरी चालले."

"कुठे आहे तुमचं माहेर?"

"रेल्वेवर हाय," असं म्हणाल्या आणि सायकल वळणाआड गेली.

मला वाटलं, दौंडच्या बाजूचं एखादं खेडं असेल. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत मला पेपर तपासायला पुण्याला जायचं होतं. दौंडची गाडी उशिरा येणार असं स्टेशनवर कळलं, म्हणून मी बायकांच्या वेटिंग रूममध्ये शिरले. तिथे त्या लांब हातांच्या आरामखुर्चीवर काकू होत्या. पाय खुर्चीच्या हातांवर पसरलेले, डोळे मिटलेले, पदर खाली लोळत असलेला. बाहेरच्या कडुनिंबाची सावली खिडकीतून येऊन त्यांच्या अंगावर हलत होती. मी ओळखलं ते लवंगेच्या वासावरून.

डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "या बाई. बसा. माझ्या माहेरी आलात."

मी विचारलं, "तुमची गाडी कोणती, काकू?"

"माझी कसली गाडी? मी आलेली हाय. तुमची कंची?"

मग हळूहळू, गाड्या येत-जात असताना, त्यांनी सांगितलं. त्या पाळण्यात असताना आई गेली, बाप तिच्यामागे. मामाने वाढवलं, लग्न लावून दिलं आणि त्यानंतर कधी बोलावलं नाही. लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवाळीला गल्ली रिकामी झालेली पाहून त्या नवऱ्याला म्हणाल्या, मलाही जायचं आहे. काकांनी सायकल काढली. माळीवाड्याच्या एसटी स्टँडवर नेऊन विचारलं, कुठली गाडी? त्यांना उत्तर देता येईना. काकांनी त्यांना पुन्हा कॅरिअरवर बसवलं, रेल्वे स्टेशनवर आणलं, प्लॅटफॉर्म तिकीट काढलं, या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "संध्याकाळी न्यायला येतो." त्या वर्षापासून हे त्यांचं माहेर झालं होतं.

"पण इथे करता काय दिवसभर?"

"काय बी न्हाई. तेच करती." त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. "बाई, माहेर म्हंजे काय, सांगा. साडीचोळी न्हाई. जिथं आपल्याला 'ऊठ' म्हनत न्हाईत आन् 'निघ आता' म्हनत न्हाईत, ते माहेर. निघायची येळ आपन आपल्या मनानं वळखायची. माहेरच्यांनी ती काढायची नसती."

संध्याकाळ झाली तरी माझी गाडी आलेली नव्हती. काका दाराशी आले. आत यायचे नाहीत, बायकांची वेटिंग रूम म्हणून. बाहेरूनच विचारलं, "काय म्हणतंय माहेर?"

"बरं हाय," काकू पदर सावरत म्हणाल्या. "गाड्या येळेवर हायेत."

मी सकाळपासून तिथे ताटकळत होते. पण त्या दोघांपैकी कोणी हसलं नाही, आणि मलाही हसावंसं वाटलं नाही.

त्यांची मुलगी पुढे माझ्या वर्गात आली. हुशार, चटपटीत. मधल्या सुट्टीत ती मैत्रिणींना सांगायची, "माझ्या आजोळी रेल्वे येते. तुमच्या आजोळी येते का?" एवढं मोठं आजोळ कोणाचंच नव्हतं.

त्यानंतर आम्ही नगरमध्येच सावेडीला राहायला आलो, तुमची आई जन्मली, वाढली, तिकडे गेली. काकूंची मुलगी इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेली. तिची बाळंतपणं आली आणि काकू विमानात बसल्या. एकट्याच. काकांचं पोट भिंगारचं पाणी सोडून कुठल्याच पाण्यावर चालत नाही, असं ते सांगायचे. मला वाटतं, बायकोला माहेरी सोडून यायचं आणि आपण मागे राहायचं, ही त्यांची जुनी सवय होती.

पहिल्याच प्रवासात आखातातल्या एका शहरात विमान बदलायचं होतं. दुसरं विमान संध्याकाळी. विमान कंपनीच्या माणसाने काकूंना एका हॉटेलात नेलं, विमानतळाला लागूनच असलेल्या. मोठ्या थांब्याच्या प्रवाशांना कंपनी खोली देते, हे काकूंना काय माहीत? आपण काहीतरी गुन्हा केला आहे आणि आता आपल्याला कोंडतात, असं समजून त्या हात जोडून त्याच्यामागे गेल्या. काचेचा पूल, संगमरवर, माणसाच्या उंचीची फुलदाणी आणि मग एक खोली. दार मिटलं. काकू दाराशीच उभ्या राहिल्या. कोणीतरी येईल आणि काय काम करायचं ते सांगेल म्हणून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. कोणी आलं नाही.

"मग वळखलं, बाई," परत आल्यावर त्या मला म्हणाल्या. "म्हटलं, अगं, ही तर आपली वेटिंग रूम."

तेव्हापासून त्यांनी कधी सरळ जाणारं विमान घेतलं नाही. नगरमधला तिकीटवाला त्यांना कळवळून सांगायचा, "आजी, थेट जावा की. एवढा वेळ मध्ये काय करता? पाय आखडतील."

"पायासाठीच थांबायचं हाय," काकू म्हणायच्या. "तू थांब्याचं बघ. जितका लांब तितका बरा."

एकदा आम्ही दोघी बरोबर निघालो. तू, मोठे, तेव्हा जन्मायची होतीस आणि मी तुझ्या आईकडे येत होते. मुंबईपासून त्या शहरापर्यंत विमान एकच, पुढे दोघींच्या वाटा वेगळ्या. सकाळी उतरलो, संध्याकाळी निघायचं होतं. मी घरातून सगळं ठरवून आले होते. आंघोळ, दोन तास झोप, कागदपत्रं पुन्हा तपासणं, निघण्याच्या आधी वाजतील असे तीन गजर. खोलीत शिरल्यावर मी गजर लावायला फोन काढला, तो काकूंनी माझ्या हातातून अलगद घेतला आणि कपाटातल्या धुण्याच्या पिशवीत टाकला. मग माझ्या मनगटाकडे बघत राहिल्या. मी घड्याळही काढून दिलं.

"येळ मी बघती," त्या म्हणाल्या. "तुमी पाहुनपन करा."

भिंतीवर पडद्याचं बटन होतं. ते त्यांनी दाबलं आणि पडदा आपोआप सरकत गेला. समोर सगळी धावपट्टी. पलीकडे वाळूच्या रंगाचं आकाश, जमीन कुठे संपते ते कळत नव्हतं. जाड काचेमुळे आवाज अजिबात येत नव्हता. विमानं पुढे येत, थोडा विचार करत आणि उचलली जात. एवढी अवजड, पण स्वप्नात आपण उडतो ना, तशी. मी पहिली दोन-तीन कोणत्या कंपनीची ते वाचलं. नंतर वाचायचं सोडून दिलं.

त्या हॉटेलचा काकूंइतका उपभोग कोणी घेतला नसेल, आणि त्यांनी मागवलं मात्र काहीच नाही. आधी त्या अनवाणी बाहेर गेल्या आणि लांबच लांब गालिच्याच्या व्हरांड्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आल्या. मलाही चालायला लावलं. पाय इतका आत जायचा की आपण आपल्याच मागे कुठेतरी राहिलो आहोत असं वाटायचं. मग लॉबीत जाऊन त्या फुलदाणीसमोर बसलो. ताजी पांढरी फुलं होती, माझ्या ओळखीची नव्हती. काकूंनी त्यांच्याकडे पाहुण्याने बघावं तसं पाहिलं, हात न लावता. एक गणवेशातला माणूस वाकून विचारून गेला, काही हवं आहे का. काकू मराठीत म्हणाल्या, "न्हाई बाबा. समदं पोचलं." तो समाधानाने गेला.

जेवणाच्या दालनात चाळीस पदार्थ मांडलेले असतील. काकूंनी सगळ्यांवरून एक फेरी मारली, झाकणं उचलून वास घेतले आणि ताटलीत आणलं काय, तर दही, भात आणि खजूर. मी म्हटलं, "काकू, एवढं सगळं आहे, थोडं चाखा तरी."

"बघितलं की. माहेरी काय काय केलं हाय ते बघायचं असतं. समदं खायलाच पायजे असं थोडंच हाय?"

खोलीत मोठा पांढरा टब होता. त्यात उतरायला त्या तयार नव्हत्या. पाण्यात बसायचं आणि मग ते पाणी तसंच सोडून द्यायचं, हे त्यांच्या अंगात बसत नव्हतं. त्यांनी टब अर्धा भरला, काठावर बसल्या आणि कोपरापर्यंत हात बुडवून नुसत्या बसून राहिल्या. गावी विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी भरलेली ती बाई, डोळे अर्धे मिटून, पाण्यात बोटं हलवत. मी दारातून पाहिलं आणि आवाज न करता मागे सरले. बऱ्याच वेळाने त्यांनी त्याच पाण्यात माझी आणि स्वतःची साडी धुतली. उरलेलं पाणी सोडवेना. शेवटी खोली आवरायला आलेल्या नेपाळी मुलीला मला विचारायला लावलं, हे पाणी कुठे जातं? ती म्हणाली, खालच्या खजुराच्या झाडांना. काकूंनी खिडकीतून खाली वाकून झाडं पाहिली, मोजल्यासारखी, आणि मगच बूच काढलं.

मग त्या एवढ्या मोठ्या पलंगावर आडव्या-तिडव्या पडल्या. अगदी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, हातपाय चारी दिशांना. आयुष्यभर सतरंजीच्या कडेला झोपलेल्या त्या. झोपल्या मात्र नाहीत. "झोपून घालवायला हाय व्हय हा दिस?" म्हणाल्या. आम्ही दोघी छताकडे बघत पडलो आणि कधी बोललो, कधी नाही. त्यांनी पदराची एक फार जुनी गाठ सोडली आणि म्हणाल्या, "आठवलं गं बाई. ही कढीपत्त्याची हुती." ते झाड वठून वर्षं झाली होती.

मध्ये मी एकदा विचारलं, किती वाजले असतील? "इथलं इचारता, का तिथलं?" त्या म्हणाल्या.

निघायची वेळ मात्र त्यांनी घड्याळाशिवाय बरोबर ओळखली. खजुरांच्या सावल्या बघून म्हणा किंवा आणखी कशावरून. आपण होऊन उठल्या, केस विंचरले, पलंगाची चादर सारखी केली. बाथरूममधल्या साबणाच्या आणि तेलाच्या इवल्या बाटल्या पदरात घेतल्या. ही माहेरची ओटी. आणि पिशवीतून शेंगदाण्याच्या लाडवांची पुडी काढून उशीवर ठेवली, त्या नेपाळी मुलीसाठी. माहेरी रिकाम्या हाताने यायचं नसतं, आणि तिथली वहिनी कोण, तर तीच.

खाली किल्ली घेणाऱ्याने इंग्रजीत विचारलं, मुक्काम कसा झाला? मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तोवर काकूंनी उत्तर देऊन टाकलं होतं.

"बरं हाय. गाड्या येळेवर हायेत."

त्यांचं विमान एकदाही चुकलं नव्हतं, हे इथे सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी काका गेले. सकाळी चहा पिऊन पेपर उघडला आणि तसेच. मुलगी आली, तेराव्यानंतर लगेच ठरलं की आईला कायमचं तिकडे न्यायचं आणि घर विकायचं. गिऱ्हाईक घरातच आलं होतं, शेजारचं. मुलीला जेमतेम तीन आठवड्यांची रजा. मी रोज सावेडीहून भिंगारला जात होते. ती पोरगी पुठ्ठ्याची खोकी, चिकटपट्टी आणि कानाला फोन घेऊन पहाटेपासून घरभर फिरायची. बँक, वीज, वारसाचे कागद, भांडी कोणाला, पलंग कोणाला. तिकडच्या कचेरीचं कामही इथूनच चाललं होतं. जेवायची उभ्याने. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. वडील गेल्यावर ती रडलेली मी पाहिली नाही. तिला सवडच नव्हती.

काकू उंबऱ्यावर बसून हे पाहायच्या. एका दुपारी मुलगी बाहेर गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "बाई, माझं काय न्हाई. मला कुठंबी खुर्ची मिळंल. पन तिचं बघा. आल्यापास्नं एकदा टेकली न्हाई. हे घर आता आठ दिसांत दुसऱ्याचं हुनार. माहेरी आल्यावानी एक दिस तरी मिळायला पायजे हुता तिला. एवढीच एक गोष्ट मला ठेवायची हुती तिच्यासाठी. मला नव्हती ना, म्हनून."

"तिला तसं सांगा ना, काकू."

"सांगून बसती व्हय माहेरवाशीन?"

त्या संध्याकाळी तिकिटांवरून वाद झाला. मुलीने सरळ जाणाऱ्या विमानाची दोन तिकिटं बघून ठेवली होती. काकू म्हणाल्या, "मी येती. पन थांब्याचं काढ."

"आई, तुझे गुडघे, तुझं वय. मध्ये कशाला उतरायचं? आणि मला सोमवारी कामावर हजर व्हायचं आहे."

"थांब्याचं काढ. न्हाईतर तू जा. मी मागनं येते, माझ्या मनानं."

"हट्ट करू नकोस गं. आता तू एकटी कुठे कुठे थांबणार?"

"एकटी कुठं? तू हाय की."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही तरी सांगा आईला. तुमचं ऐकते ती."

नियमाने पाहिलं तर मुलीचंच बरोबर होतं. म्हातारं माणूस, मोठा प्रवास, सरळ जावं. मी तसंच सांगणार होते. पण मला एकदम ती आरामखुर्ची आठवली आणि कडुनिंबाची हलती सावली. मी म्हटलं, "काकूंचं ऐक. एक दिवसाने काही बिघडत नाही. सोमवारच्या आत पोहोचशील असं बघ."

तिने वैतागून तिकिटं काढली. शनिवारी सकाळी उतरायचं, संध्याकाळी निघायचं. घराची किल्ली शेजाऱ्याला देताना काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. मुलीने पाहिलं, मग मोबाईलकडे पाहिलं आणि म्हणाली, चला, उशीर होतोय.

शनिवारी रात्रीचं जेवण मी वाढून घेत होते, तेव्हा तिचा फोन आला.

"बाई, विमान गेलं."

"काकू बऱ्या आहेत ना?" मी पहिल्यांदा तेच विचारलं.

"आई बरी आहे. खिडकीशी बसली आहे. मीच..." आणि ती थांबली. मला वाटलं ती रडते आहे. मग कळलं, हसतही होती.

झालं होतं ते असं. खोलीत शिरल्या शिरल्या ती लॅपटॉप उघडून बसणार होती. काकू म्हणाल्या, पाच मिनिटं पड. ती बूट न काढता पलंगाच्या कडेला पडली आणि पडल्या पडल्या झोपली. काकूंनी तिचे बूट काढले. मनगटावरचं घड्याळ काढलं. पडद्याचं बटन दाबून पडदा अर्धाच ठेवला, म्हणजे उजेड डोळ्यांवर येणार नाही आणि आपल्याला विमानं दिसतील. दोन्ही मोबाईल धुण्याच्या पिशवीत गेले. पलंगाशेजारच्या फोनचा रिसिव्हर त्यांनी उचलून बाजूला ठेवला. मग खुर्ची ओढून दिवसभर तिथे बसून राहिल्या. जेवायलाही गेल्या नाहीत. मुलगी झोपेत वळली, मग आडवी झाली, मग आडवी-तिडवी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

तिला जाग आली तेव्हा खोलीभर केशरी उजेड होता. आपण कुठे आहोत ते तिला कळेना. लवंगेचा वास आला, म्हणून तिला वाटलं भिंगारलाच आहोत, शाळेतून येऊन झोपलो होतो. तिने विचारलं, "आई, किती वाजले?"

"निज अजून," काकू म्हणाल्या.

मग तिला आठवलं, ती ताडकन उठली, घड्याळ शोधलं. आणि ते बघून पुन्हा खाली बसली. ती मला म्हणाली, "बाई, मी ओरडणारच होते. पण आई इतकी निवांत बसली होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि मग मला बाबा आठवले." तिने नाक पुसलेलं मला फोनवर ऐकू आलं. मग म्हणाली, "आता उद्याचं विमान मिळालंय. ही खोली उद्यापर्यंत आमचीच आहे."

मी म्हटलं, काकूंना फोन दे.

"काकू, तुम्हाला वेळ कळली नाही?"

"कळली की. आमचं विमान गेलं ते बघितलं मी. चांगलं उडालं."

"मग तिला उठवलं का नाही?"

पलीकडे लवंग एका गालातून दुसऱ्या गालात गेली असावी.

"बाई, तुमी एवढ्या शिकलेल्या. माहेरी निजलेल्या लेकीला, 'ऊठ, तुझी गाडी हाय,' असं आई म्हनती व्हय?"

मग त्यांनीच विचारलं, "तुमी जेवलात का?" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी निघताना काकूंनी बाटल्यांची ओटी स्वतः घेतली नाही. मुलीला पदर नव्हता, म्हणून तिच्या कोटाच्या खिशात भरली. खाली किल्ली घेणाऱ्याने विचारलं, मुक्काम कसा झाला? काकू मुलीकडे बघत राहिल्या. हे मला मुलीनेच नंतर सांगितलं. ती म्हणाली, "मला एकदम बाबांचा आवाज आठवला, बाई. लहानपणी त्यांच्याबरोबर आईला न्यायला जायचे, तेव्हाचा, वेटिंग रूमच्या दाराशी. मी त्या माणसाला मराठीतच सांगितलं, बरं आहे. गाडी तेवढी चुकली."

काकू आता तिकडेच असतात. बर्फाच्या गावात, खिडकीशी. पाण्याचा कायदा तिथेही चालू आहे, जावयाला तो पाठ झाला आहे, असं ऐकते. वर्षातून एकदा मायलेकी कुठेतरी विमान बदलतात. कुठे जायचं ते नंतर ठरतं.

तर हे उत्तर झालं. आता राहिलं ते एवढंच. तुमची आई गेल्या वेळी नगरला आली, तेव्हा तिने माझी कपाटं आवरली, बँकेची कामं केली, दाताच्या डॉक्टरांकडे गेली, सगळ्या नातेवाइकांना भेटली आणि विमानतळावर जाताना गाडीत झोपली. फक्त गाडीत. म्हणून मी तिला सांगितलं आहे की इकडे येऊ नकोस, तू तिकडून ये, मी इकडून येते, मध्ये भेटू. त्या शहरात, त्या हॉटेलात. खोली मी दोघींच्या नावाने घेतली आहे. ती म्हणते, "आई, एका दिवसासाठी विमानाने कोण येतं? आणि तिथे करायचं काय?" तिला म्हणावं, काही नाही.

मी नेहमी येताना कधी निघणार, कुठे थांबणार, किती वाजता पोहोचणार, ते सगळं तुमच्या बाबांना लिहून पाठवते. या वेळीही पाठवलं आहे. फक्त पोहोचण्याच्या वेळेची जागा रिकामी आहे. बाबांनी विचारलं, तर ते चुकून राहिलेलं नाही असं सांगा.